परिशिष्ट ९ म्हणजे काय, आणि त्यात दरभंग्याच्या महाराजांचा काय संबंध?

आरक्षणावर कोर्टाचा निकाल आला की दोन दिवसांत कुणीतरी टीव्हीवर म्हणतंच, नवव्या परिशिष्टात टाका म्हणजे विषय संपला, कोर्ट हात लावू शकणार नाही. मराठा आरक्षणाच्या वेळी हे ऐकलं. बिहारने २०२३ मध्ये आरक्षण ६५ टक्क्यांवर नेलं आणि पुढच्याच वर्षी पाटणा हायकोर्टाने ते रद्द केलं तेव्हा परत ऐकलं. दुसरीकडे आपल्याकडची किसानपुत्र आंदोलनाची मंडळी बरोब्बर उलटं सांगतात, की हेच परिशिष्ट ९ शेतकऱ्याच्या गळ्यातला फास आहे, ते आधी काढा. एकाला ते कवच वाटतं, दुसऱ्याला फास, आणि मधल्या माणसाला कळतच नाही की हे प्रकरण आहे तरी काय.

सोपं करून सांगते. आपल्या राज्यघटनेच्या शेवटी काही याद्या जोडलेल्या आहेत, त्यांना परिशिष्टं किंवा अनुसूची म्हणतात. त्यातल्या नवव्या यादीत जे कायदे घातले ते मूलभूत हक्कांच्या विरोधात जातात या कारणावरून कोर्टाने रद्द करू नयेत, अशी सोय केलेली आहे. घटना लागू झाली २६ जानेवारी १९५० ला, तेव्हा ही यादी नव्हतीच, ती सतरा महिन्यांत जोडावी लागली. का लागली याचं उत्तर शोधायला गेलं की आपण पोचतो उत्तर बिहारमध्ये, दरभंग्याच्या महाराजाधिराज कामेश्वर सिंहांकडे. जन्म १९०७, मृत्यू १९६२, इंग्रज अमदानीतले देशातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदारांपैकी एक, आणि आयुष्यभर राजकारणात.

महाराजा होते पण संस्थानिक नव्हते

इथे आपला पहिला घोळ होतो. महाराजा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कोल्हापूर, बडोदा, ग्वाल्हेर येतं. ती संस्थानं होती, म्हणजे इंग्रजांशी तह झालेला, आत स्वतःचं कायदा-कोर्ट-पोलीस. दरभंगा तसं नव्हतं. तो इंग्रजांच्या थेट राज्यातला मुलूख, कलेक्टर तिथे इंग्रज सरकारचा, फौजदारी कोर्ट सरकारचं, आणि महाराजाधिराज हा किताब. कागदावर हे गृहस्थ फक्त जमीनदार. पण जमीनदारी केवढी? साधारण ६,२०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपला अख्खा सिंधुदुर्ग जिल्हा त्यात मावून वर जागा उरेल, गावं ४,००० च्या वर, आणि ती दरभंगा, मुझफ्फरपूर, भागलपूर, पूर्णिया अशी कितीतरी जिल्ह्यांत पसरलेली.

हा फरक नुसता मानाचा नाही. १९४७ नंतर संस्थानिकांनी विलीनीकरणाच्या करारांवर सह्या केल्या आणि त्यांना तनखे मिळाले. जमीनदाराशी करार करायची सरकारला गरजच नव्हती, विधानसभेत कायदा केला की त्याचा हक्क संपला. म्हणून संस्थानिकांचा प्रश्न पटेलांच्या टेबलावर सुटला आणि जमीनदारांचा कोर्टात गेला.

टोलचा ठेका, पण कायमचा

आता जमीनदारी म्हणजे काय ते बघू, कारण महाराष्ट्रात बऱ्याच भागात ही पद्धत नव्हती त्यामुळे आपण जमीनदार हा शब्द "खूप जमीन असलेला माणूस" एवढ्याच अर्थाने वापरतो.

१७९३ मध्ये गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसने बंगाल-बिहारात कायमधारा लागू केला. समजा सरकारने टोल नाक्याचा ठेका दिला, ठेकेदाराने सरकारला वर्षाला ठरलेली रक्कम भरायची आणि गाड्यांकडून वसूल होईल ते त्याचं. आता त्यात दोन गोष्टी घाला. एक, ठेका पाच-दहा वर्षांचा नाही, पिढ्यान्‌पिढ्यांचा, बापाकडून मुलाकडे जाणारा. दोन, सरकारला भरायची रक्कम कधीच वाढणार नाही, मग रस्त्यावर गाड्या दहापट होवोत नाहीतर पन्नासपट. झाला कायमधारा. सुरुवातीला हिशेब असा होता की शेतकऱ्यांकडून येणाऱ्या खंडातले अकरापैकी दहा हिस्से कंपनी सरकारला आणि एक जमीनदाराला. पण सरकारचा आकडा गोठवलेला, आणि इकडे पुढच्या दीडशे वर्षांत लोकसंख्या वाढली, पडीक जमीन लागवडीखाली आली, धान्याचे भाव चढले, खंड चढला, आणि ती सगळी वाढ जमीनदाराच्या घरात गेली.

सरकारच्या बाजूने अट एकच पण कडक होती. ठरलेल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत रक्कम भरली नाही तर जमीनदारी लिलावात, लोक त्याला सूर्यास्ताचा कायदाच म्हणायचे. त्यात सुरुवातीची कितीतरी जुनी घराणी बुडाली, आणि जी टिकली ती गब्बर झाली.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात रयतवारी होती, म्हणजे सरकार थेट शेतकऱ्याकडून सारा घेणार, मध्ये कुणी नाही, जमिनीची मोजणी-प्रतवारी होणार आणि दर तीस वर्षांनी आकारणी नव्याने. त्याची मोजणी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केली. रयतवारीत शेतकरी सुखी होता असं अजिबात नाही, १८७५ चे सुपे आणि दख्खनचे दंगे रयतवारीतलेच, फक्त तिथे मध्ये सावकार होता आणि बिहारात जमीनदार.

माणूस कसा होता

कामेश्वर सिंहांना गादी मिळाली १९२९ मध्ये, वडील रामेश्वर सिंह गेल्यावर, वय बावीससुद्धा पूर्ण नव्हतं. त्यांचे काका लक्ष्मेश्वर सिंह काँग्रेसचे सुरुवातीपासूनचे आधार. १८८८ ला अलाहाबादच्या अधिवेशनाला सरकारी अधिकारी जागा मिळू देईनात तेव्हा त्यांनी तिथलं लाऊदर कॅसल विकत घेऊन काँग्रेसला वापरायला दिलं होतं. वडील मालवीयजींबरोबर बनारस हिंदू विद्यापीठाच्या कामात पुढे. म्हणजे घरात इंग्रजांचे किताबही येत होते आणि राष्ट्रीय चळवळीला पैसाही जात होता, आणि त्या काळच्या मोठ्या जमीनदारांना यात काही वावगं वाटत नव्हतं.

पुतणे याच वाटेने गेले. १९३० आणि ३१ च्या गोलमेज परिषदांना लंडनला गेले, दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये बसले, जमीनदारांच्या संघटनांचं पुढारीपण केलं. साखर कारखाने, ज्यूट मिल, पाटण्याहून इंग्रजी दैनिक 'इंडियन नेशन' आणि हिंदी 'आर्यावर्त', स्वतःची विमानं. आज मुंबईहून दरभंग्याला जे विमान जातं ते उतरतं ती धावपट्टी मुळात दरभंगा राजची. गांधीजींचा अर्धपुतळा त्यांनी क्लेअर शेरिडन या शिल्पकार बाईंकडून करून घेतला, आणि गंमत म्हणजे या बाई चर्चिलच्या नात्यातल्या.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा कारण पुढे ती कामाची आहे. ज्या संविधान सभेने आपली घटना लिहिली तिचे कामेश्वर सिंह सभासद होते.

कसणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर

इथपर्यंत वाचून माणूस उदार, सुसंस्कृत वाटतो, आणि होताही. पण मी हे सगळं वाचताना सारखी एकच गोष्ट मनात ठेवत होते की हा पैसा येत कुठून होता. उत्तर बिहारातल्या कुळाला खंड तर द्यावाच लागे, वर कायद्यात न बसणाऱ्या पट्ट्या असत, त्यांना तिकडे अबवाब म्हणत. शेजारच्या चंपारणात गांधीजी १९१७ ला गेले आणि चौकशी झाली तेव्हा या पट्ट्यांची नावंच बाहेर आली: मालकाने हत्ती घेतला तर हथियाही, मोटार घेतली तर मोटराही, होळीला फगुआही. मोटार मालकाची, पैसे कुळाचे. शिवाय वेठबिगार.

१९२९ च्या जागतिक मंदीनंतर तर धान्याचे भाव कोसळले आणि खंड मात्र तोच राहिला. कुळं थकली, जमीनदारांनी थकबाकीपोटी जमिनी काढून घेतल्या, त्यांना बकाश्त जमिनी म्हणायचे, आणि त्या परत मिळवायला १९३७ ते ३९ मध्ये बिहारभर मोठे लढे झाले. पुढारी होते स्वामी सहजानंद सरस्वती, भगव्या कपड्यातले संन्यासी, त्यांनी १९२९ मध्ये बिहार प्रांतिक किसान सभा काढली आणि जमीनदारी रद्दच करा ही मागणी घराघरात नेली. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर बिहार काँग्रेसला हा कायदा करणं भागच होतं, महसूलमंत्री कृष्णवल्लभ सहाय यांनी तो नेटाने पुढे रेटला आणि बिहार जमीन सुधारणा कायदा १९५० ला राष्ट्रपतींची सही मिळाली. राष्ट्रपती राजेंद्रबाबू, स्वतः बिहारचे, त्यांच्या मनात शंका होत्या, नेहरूंनी आग्रह धरला तेव्हा सही झाली.

कोर्टात नेमकं काय घडलं

हा भाग थोडा सावकाश वाचा, सगळी गुरुकिल्ली इथे आहे.

घटनेत तेव्हा मालमत्तेचा हक्क हा मूलभूत हक्क होता, कलम ३१. सरकारने मालमत्ता घेतली तर भरपाई द्यायची. पण घटना लिहिणाऱ्यांना माहीत होतं की जमीनदार भरपाई कमी पडली म्हणून कोर्टात जाणार, म्हणून त्यांनी त्याच कलमात पोटकलम घालून ठेवलं की जमीनदारीची जी विधेयकं घटना लागू होताना विधानसभेत मांडलेली आहेत, ती मंजूर होऊन त्यांना राष्ट्रपतींची संमती मिळाली तर त्या कायद्यांना भरपाईच्या मुद्द्यावर कोर्टात आव्हान देता येणार नाही.

बिहारच्या कायद्यात भरपाई अशी होती: ज्याचं निव्वळ वार्षिक उत्पन्न ५०० रुपयांपर्यंत त्याला त्याच्या वीसपट, आणि उत्पन्न जसं वाढेल तशी पट कमी, शेवटी एक लाखाच्या वर असेल तर फक्त तिप्पट. म्हणजे ५०० वाल्याला १०,००० मिळणार, त्याच्या वीस वर्षांच्या कमाईइतके, आणि दहा लाखवाल्याला ३० लाख, म्हणजे तीन वर्षांची कमाई. लहानाला जास्त आणि मोठ्याला कमी हे तुम्हाआम्हाला न्याय्यच वाटतं.

कामेश्वर सिंह आणि इतर जमीनदार पाटणा हायकोर्टात गेले, वकील पी. आर. दास, देशबंधू चित्तरंजन दासांचे भाऊ. भरपाई कमी आहे असं म्हणायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी कलम १४ धरलं, समानतेचं. कायद्यापुढे सगळे सारखे तर एकाच प्रकारची मालमत्ता घेताना एकाला वीसपट आणि दुसऱ्याला तिप्पट कसं? आणि १२ मार्च १९५१ ला पाटणा हायकोर्टाने हे मान्य करून अख्खा कायदा रद्द केला. त्याच सुमारास उत्तर प्रदेशचा कायदा अलाहाबाद हायकोर्टाने आणि मध्य प्रदेशचा नागपूर हायकोर्टाने वैध ठरवला होता. पण पाटण्याने दिल्लीला धक्का बसला, कारण समानतेच्या कलमाला पोटकलमाचं कुलूप नव्हतं आणि आता देशातला प्रत्येक जमीनदार तिथून आत येऊ शकत होता.

मग घटनाच बदलली

नेहरू सुप्रीम कोर्टाच्या निकालापर्यंत थांबले नाहीत. मे १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती मांडली, जूनमध्ये ती लागूही झाली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुका व्हायच्या होत्या, संविधान सभेचेच सभासद तात्पुरती संसद म्हणून बसत होते. ज्यांनी घटना लिहिली त्यांनीच ती बदलली, आणि ज्यांच्या खटल्यामुळे बदलली ते महाराजाधिराज त्याच सभेतले.

या दुरुस्तीत दोन कलमं आली. ३१ अ, की जमीनदारी-जहागिरीसारखे हक्क काढून घेणारे कायदे मूलभूत हक्कांच्या कारणावरून रद्द होणार नाहीत. आणि ३१ ब, की नवव्या परिशिष्टात ज्यांची नावं लिहिली ते कायदे सुरक्षित, आधी एखाद्या कोर्टाने रद्द केले असले तरी परत जिवंत. ते शेवटचं वाक्य पाटण्याच्या निकालासाठीच होतं. यादीत तेव्हा १३ कायदे होते, आणि पहिल्या नंबरवर बिहार जमीन सुधारणा कायदा.

या दुरुस्तीलाही जमीनदारांनी आव्हान दिलं, ऑक्टोबर १९५१ मध्ये शंकरी प्रसाद खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती वैध ठरवली. पुढे मे १९५२ मध्ये कामेश्वर सिंहांचा मूळ खटला तिथे निकाली निघाला आणि बिहारचा कायदा टिकला. पण पूर्ण टिकला नाही, हे फार कमी लोक सांगतात. दोन तरतुदी तीन विरुद्ध दोन मतांनी उडाल्या. एक अशी होती की कुळांकडे जमीनदाराची जी खंडाची थकबाकी आहे ती सगळी सरकार घेणार आणि त्यातली निम्मीच भरपाईत धरणार. न्यायाधीशांचं बहुमत म्हणालं की रोख येणं घ्यायचं आणि बदल्यात अर्धं रोखच द्यायचं, यात कुठलं सार्वजनिक हित? म्हणजे यादीत नाव असूनही कोर्टाने कात्री लावलीच.

या निकालाच्या आधीच्या हिवाळ्यात महाराज लोकसभेला उभे राहिले होते आणि आपल्याच दरभंग्यात काँग्रेसच्या उमेदवाराकडून पडले. शतकानुशतकं ज्यांनी खंड भरला त्यांच्या हातात पहिल्यांदा मत आलं होतं. नंतर ते झारखंड पक्षाच्या पाठिंब्यावर राज्यसभेत गेले. शेवटच्या वर्षांत आपला राजवाडा संस्कृत विद्यापीठाला देऊन टाकला, ते विद्यापीठ आज त्यांच्याच नावाने आहे. मूलबाळ नव्हतं.

म्हणजे सरकारने लुटलंच की?

हा आक्षेप प्रामाणिक आहे, झटकून टाकू नये. माझं मत सांगते. जमीनदाराचा हक्क १७९३ च्या व्यवस्थेतून आलेला, वसुलीचा हक्क, आणि दीडशे वर्षं त्याचं फळ मिळून चुकलेलं. तो थांबवणं योग्यच होतं, आणि लहान जमीनदाराला जास्त पट देणं हेही योग्य होतं. खटकतं ते वेगळंच. कायदा झाल्यावरही जमीनदाराला स्वतः कसतो म्हणून दाखवलेली जमीन ठेवता आली, आणि बिहारचा सीलिंग कायदा, म्हणजे एकाने जास्तीत जास्त किती जमीन ठेवायची याची मर्यादा घालणारा, यायला १९६१ उजाडलं. तोवर जमिनी नातेवाइकांच्या, भलत्यासलत्यांच्या नावावर झाल्या. बटाईने कसणारा भूमिहीन माणूस होता तिथेच राहिला. महाराजांचं साम्राज्य गेलं पण ते बटाईदाराच्या हातात आलं नाही, मधल्या मोठ्या शेतकऱ्याकडे गेलं. घटनादुरुस्ती करण्यात जी घाई दाखवली ती जमीन वाटण्यात दाखवली नाही, हे दुखणं बिहार अजून भोगतोय.

आपल्याकडे जमीनदारी नव्हती, मग आपला काय संबंध?

त्या पहिल्या १३ नावांची यादीच वाचा. पहिल्या नंबरला बिहार, आणि दुसऱ्या नंबरला मुंबईचा १९४८ चा कूळ कायदा. सहाव्याला कोकणातली खोती रद्द करणारा. सातव्याला परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द करणारा. आठव्याला मध्य प्रदेशचा, ज्यात आपल्या विदर्भातली मालगुजारी गेली. बाराव्या-तेराव्याला हैदराबादच्या जहागिरीचे, म्हणजे मराठवाडा. महाराष्ट्राचा एक कोपरा सुटलेला नाही. ज्यांच्या घरी कूळ कायद्यातलं ३२ म चं, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचं सर्टिफिकेट जपून ठेवलंय, सातबाऱ्यावर "कलम ४३ च्या अटीस पात्र" असा शेरा आहे, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला जे कूळ मालक झालं, त्यांचा कायदा दरभंग्याच्या शेजारी त्याच पानावर छापलेला आहे.

आणि इथली लढाईही तिकडच्याइतकीच जुनी. अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून कुळांनी सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या पण खोतापुढे नमले नाहीत. १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं. पुढे १९५१ मध्ये कायदामंत्री म्हणून त्यांनी पहिल्या घटनादुरुस्तीची बाजू लढवली, आणि मंत्रिपद सोडल्यावर १९५२ ला वकील म्हणून उत्तर प्रदेशच्या जमीनदारांकडून सुप्रीम कोर्टात उभे राहिले. तिथे त्यांनी मांडलं की स्वातंत्र्य आणि न्यायासाठी केलेल्या घटनेच्या गाभ्यातच हे आहे की सार्वजनिक कारण आणि रास्त भरपाई असल्याशिवाय कुणाची मालमत्ता घेता येत नाही. कोर्टाने ते मानलं नाही. काही लोक यावरून त्यांना बोल लावतात, मला ते पटत नाही. खोती जावी असं मनापासून वाटणाऱ्या माणसाला सरकारच्या अधिकाराला मर्यादा असावी असंही वाटू शकतं.

कारण ती मर्यादा पुढे खरंच सुटली. १३ कायद्यांची यादी वाढत वाढत २८४ वर गेली. १९७६ मध्ये त्यात जीवनावश्यक वस्तू कायदाही घातला गेला, ज्याचा जमीन सुधारणेशी काही संबंध नाही, आणि ज्याच्या जोरावर सरकार कांद्या-डाळीचे साठे आणि भाव दाबतं. शेतकरी संघटनांचा राग आहे तो इथे.

मग आज यादीत टाकलं की कोर्टाचे दरवाजे बंद?

नाही, आणि हे टीव्हीवर सांगत नाहीत. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की संसद घटना बदलू शकते पण तिचा मूळ ढाचा मोडू शकत नाही. मग १९८१ चा वामनराव खटला आला, तो आपल्याच महाराष्ट्राच्या सीलिंग कायद्यावरून, आणि त्यात कोर्टाने ती तारीखच रेघ म्हणून आखली: २४ एप्रिल १९७३ च्या आधी यादीत गेलेले कायदे सुरक्षित, नंतरचे तपासता येतील. जानेवारी २००७ मध्ये कोएलो खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने यावर शिक्का मारला. म्हणून तमिळनाडूचं ६९ टक्के आरक्षण १९९४ ला यादीत गेलं तरी ते रेघेच्या अलीकडचं आहे, आव्हानाच्या बाहेर नाही. दरम्यान मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघालाय, तो आता ३०० अ खाली साधा घटनात्मक हक्क आहे.

तेव्हा उद्या मराठा आरक्षणाचा कायदा परिशिष्ट ९ मध्ये टाकायचा झाला तर आधी संसदेत दोन-तृतीयांश बहुमताने घटनादुरुस्ती लागेल, आणि त्यानंतरही कोर्ट विचारू शकेल की यात समानतेचा गाभा शाबूत आहे का. कलम १४. पी. आर. दासांनी पाटण्यात धरलेलं तेच कलम.